बाळांचे डोळे शिकायला पुण्याला

पुण्याला लोक अठराव्या वर्षी शिकायला येतात. मी छप्पन्नाव्या वर्षी गेले, तेही डोळ्यांची डॉक्टर म्हणून पाव शतक काढल्यावर. निघताना शेजारणीनं विचारलंच, "बाई, आता कशाचं शिकणं राहिलंय तुमचं?" तिला काय सांगणार! इथं मात्र सगळं सांगते, कारण आमच्या भागातून या कामासाठी माझ्याशिवाय अजून कुणी गेलेलं नाही, आणि जायला हवं.

आमचं तालुक्याचं गाव पुण्याहून साडेतीनशे किलोमीटरवर, मराठवाड्याच्या टोकाला. मी मोतीबिंदूची डॉक्टर. गावात डॉ. गित्ते या बालरोगतज्ज्ञांनी नवजात बाळांचा कक्ष काढला आणि सातव्या महिन्यात जन्मलेली, किलोभर वजनाची लेकरं जगायला लागली. फार मोठी गोष्ट. पण अशा बाळाच्या डोळ्यातल्या पडद्यावर रक्तवाहिन्या पूर्ण पसरलेल्या नसतात. जन्मानंतर महिन्याच्या आत कुणीतरी आत डोकावून पाहावं लागतं. वाढ बिघडत असेल तर दोन-तीन दिवसांत लेझर करायचा. वेळ गेली की गेली. गित्ते बाळं पुण्याला पाठवायचे, पण निम्मे आईबाप जायचेच नाहीत. एक आजी सात महिन्यांचा नातू माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "चष्मा लागंल का बघा." दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले होते, त्याला आता कधीच दिसणार नव्हतं. त्या दिवशी मी जेवले नाही.

मग मी या तपासणीचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. सहा महिने व्याख्यानं, चित्रं, चाचण्या, आणि शेवटी पुण्यात दोन दिवस प्रत्यक्ष काम. गित्त्यांनी सांगून ठेवलं होतं, "ताई, तुम्ही शिकून या. सोमवारपासून बाळं तुमच्यापुढं ठेवतो." ती बाळं नीट पाहता येणार की नाही, एवढ्यासाठीच हा प्रवास होता.

बुधवार, येरवडा

उतरले मावसबहिणीकडे. रंजूताई आणि भालेराव भाऊजी येरवड्यात राहतात. भाऊजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. मूळचे आमच्याकडचेच, पण चाळीस वर्षांत पुण्यानं त्यांची जीभ पुरती आपलीशी केली आहे. मी रिक्षावाल्याला तीनदा चुकीच्या गल्लीत घातलं आणि शेवटी फोन केला, तर म्हणाले, "जयभीम. डोळ्यांच्या डॉक्टर ना आपण? समोर निळी पाटी आहे. वाचता येते का बघा."

मी घरून शेंगाची चटणी आणि धपाटे नेले होते. सकाळी रंजूताईनं माझ्यासाठी मुद्दाम सुशीला केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चुरमुरे भिजवून फोडणीला टाकायचे, वर दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. आमच्याकडे पोह्यांपेक्षा हीच जास्त होते. भाऊजी म्हणाले, "पुण्यात हिला भेळ गरम केली असं म्हणतात." म्हणाले आणि दोन बशा खाल्ल्या.

दुपारी त्यांनी विचारलं, "ऑनलाइन शिकता म्हणजे नेमकं काय करता?" मी खरं तेच सांगितलं. व्याख्यान दीडपट वेगानं लावायचं, कारण वेळ नसतो. कानात बोंडं घालून भाजी निवडायची. मध्येच ओपीडीतून बोलावणं आलं की व्याख्यान चालू ठेवूनच जायचं, हजेरी लागत राहते. चाचणीत चुकलं तर पुन्हा देता येते. तिसऱ्या वेळी शंभरपैकी शंभर.

"म्हणजे पूर्वी आम्ही गाइड वाचून पास व्हायचो, तसंच की," भाऊजी म्हणाले. मला ते झोंबलं. मी म्हणाले, "नाही हो, चित्रं तोंडपाठ आहेत मला." आणि ती होतीच, खोटं नाही सांगत.

गुरुवार, हिंजवडी

ज्या कंपनीनं हा अभ्यासक्रम बनवला तिचं कार्यालय हिंजवडीत. येरवड्याहून निघाले तेव्हा वाटलं, शहरातल्या शहरात जायचंय, किती वेळ लागणार! आमच्या गावाहून निघून जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन चहा पिऊन परत आले असते, तेवढा लागला. शेवटच्या दोन किलोमीटरला तर कंपन्यांच्या बसगाड्या एकीला एक चिकटून उभ्या. गाडीवाल्यानं मला चुकीच्या फाटकाशी सोडलं. तिथला रखवालदार म्हणाला, "फेज टू पाहिजे तुम्हाला, हे फेज थ्री हाय." गळ्यात पट्टा अडकवलेल्या एका मुलीनं दुचाकीवर बसवून नेलं. वाटेत म्हणाली, "आंटी, डोन्ट वरी, मीपण लेटच आहे. रोजच असते."

डॉ. प्राची साखरे आमच्या शिक्षिका. वय पस्तिशीच्या आत, म्हणजे माझ्या लेकीएवढी. सहा महिने मी तिला पडद्यावरच्या चौकटीत पाहत होते. समोर आली तर चांगली उंच, माझ्या डोक्यावर वीतभर. आणि बोलायला लागली तेव्हा मला काळजीच वाटली, ही आजारी आहे की काय, इतकी सावकाश बोलत होती. मग ध्यानात आलं की मी तिला कायम दीडपट वेगानं ऐकलेलं. बाईचा खरा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तिच्यामागे दिसणारं पुस्तकांचं कपाट म्हणजे छापील पडदा होता, तोही तिथंच टांगलेला. मी हात लावून पाहिला.

आम्ही आठ डॉक्टर होतो. सकाळी मोठ्या पडद्यावर डोळ्यांची चित्रं दाखवून ओळखायला सांगितलं. मी भराभर सांगत गेले, इथे नुसती रेघ आहे, इथे रेघेला उंची येऊन शेताच्या बांधासारखा उंचवटा झालाय, इथे वाहिन्या फुगून वाकड्यातिकड्या झाल्यात, इथे लगेच लेझर. आठात पहिली आले. दुपारी रबरी बाहुल्यांवर सराव केला. बाहुलीच्या डोक्याशी उभं राहायचं, आपल्या कपाळावर दिवा बांधायचा, हातातलं भिंग तिच्या डोळ्यावर धरायचं आणि आत पाहायचं. हे यंत्र मी एम. एस. करताना वापरलं होतं, नंतर मोतीबिंदूच्या धंद्यात फारसं हातात आलं नाही. तरी जमलं. सगळं चित्रातल्यासारखंच दिसत होतं. मी खूश.

जेवणाच्या सुट्टीत प्राचीचे वडील डबा घेऊन आले. धोतर, टोपी, आणि बुडाखाली नवी कोरी स्कूटर. आख्खं घराणं इथलंच, शेतकऱ्यांचं. मला म्हणाले, "डॉक्टरीनबाई, तुमची गाडी लावायची जागा हाय ना, तितं आमचा भुईमूग असायचा. लई ग्वाड जमीन." मी विचारलं, वाईट वाटतं का. म्हणाले, "वाटतं की. पर पोरगी डॉक्टर झाली, त्ये बी त्याच्यातूनच झालं." प्राची म्हणाली, "आबा, डबा ठेवा आणि जा आता, भाषण नको." डब्यातलं पिठलं तिनं मलाही वाढलं. आमच्यापेक्षा पातळ, पण ठसका चांगला.

शुक्रवार, सोलापूर रस्ता

प्रत्यक्ष बाळं पाहायला आम्हाला सोलापूर रस्त्यावरच्या एका रुग्णालयात नेलं. बाळांचा कक्ष गरम, शांत, आणि सारखा कुठून तरी टिंग टिंग आवाज. तिथल्या मुख्य परिचारिका लता सिस्टर. त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं, "हात धुवा. परत धुवा. अंगठ्या आहेत का कुणाच्या? पुण्यात सोनं दाखवायला लक्ष्मी रोड आहे."

पहिली दोन बाळं मी डोक्याच्या बाजूनं तपासली. सिस्टरनं बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळलं, जिभेवर साखरपाण्याचा थेंब ठेवला. पापण्या उघड्या ठेवायला इवलासा तारेचा चिमटा, आणि चमच्याच्या टोकासारख्या पट्टीनं डोळा बाहेरून हलकेच दाबला की आतली कड वर येते. कागदावर काढलं, प्राचीनं पाहिलं, दोन्ही बरोबर. ती म्हणाली, "छान." पुण्यात हा शब्द फार महाग आहे, एवढं मला तोवर कळलं होतं.

तिसरी एक मुलगी होती. बत्तीस दिवसांची. तिच्या डोक्याकडे यंत्रं आणि नळ्या होत्या, उभं राहायला जागा नव्हती. म्हणून मी वळसा घालून पायांकडून गेले. ती रडायला लागली. घाईनं पाहिलं. उजव्या डोळ्यात, दृश्याच्या उजव्या कडेला, एक रेघ दिसली. चित्रांत ती बाजू नाकाची असते, म्हणून मी नाकाकडून पट्टी दाबून पाहिलं, रेघेला उंची आहे का. काही वर आलं नाही. मी लिहिलं, नाकाकडे बारीक रेघ, कानाकडे सगळं ठीक, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावं.

प्राचीनं माझा कागद वाचला, मग स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. नंतर मला बोलावलं, माझा हात धरून पट्टी कानाच्या बाजूला टेकवली आणि म्हणाली, "आता बघा." बांध होता. चांगला जाड, लांबवर गेलेला, जवळच्या वाहिन्या फुगायला लागलेल्या.

या यंत्रातून सगळं उलटं दिसतं. वरचं खाली, डावं उजवीकडे. डोक्याशी उभं राहिलं तर आपणच उलटे असतो, त्यामुळे दोन उलट्यांचं सुलटं होतं आणि दृश्य चित्रासारखं दिसतं. पायांकडून गेलं की तसं होत नाही. हे मी विद्यार्थी असताना शिकले होते. पण सहा महिने सरळ चित्रं बघून बघून डोळ्यांना तीच सवय लागली, आणि बाजू बदलली हे माझ्या ध्यानातच आलं नाही. समोर बाळाचा कान मला दिसत होता हो! तरी मी चित्रावर विश्वास ठेवला.

"मॅडम," प्राची हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही बाळाचा डोळा नाही तपासलात. माझा व्हिडिओ तपासलात."

मला राग आला. तिचाच आला आधी. लेकीच्या वयाची पोर मला सगळ्यांसमोर बोलते म्हणून. बाहेर येऊन पाणी प्यायले. मग राग उतरला आणि नुसती लाज उरली. त्या मुलीचा पुढचा निर्णय प्राचीनं तिथल्या तिथं घेतला, संध्याकाळी तिचा लेझर झाला. पण माझ्या कागदानं ती दोन आठवडे थांबली असती.

दुपारी प्राची माझा अर्ज, एकटीनं बाळं तपासायच्या परवानगीचा, घेऊन शेजारी येऊन बसली. "तुमची हजेरी पूर्ण आहे. चाचणीचे गुण सगळ्यांत जास्त. तीनपैकी दोन बाळं बरोबर. नियमानं मला सही करावी लागते. तुम्ही मागितलीत तर करते."

"आणि नाही मागितली तर?"

"तर अजून शिकायचं. मी आहे इथं."

मी म्हणाले, जेवून सांगते. जेवले काहीच नाही. जिन्यात जाऊन गित्त्यांना फोन लावला. फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, "अभिनंदन ताई! प्रमाणपत्र आलंय की मेलवर, सोनेरी किनारवालं. मी फ्रेमला टाकायलोय." ऑनलाइन भाग संपला की ते आपोआप निघतं, माझ्या आणि जिथं काम करणार त्या गित्त्यांच्याही पत्त्यावर जातं.

"फ्रेम राहू द्या," मी म्हणाले. "माझं झालेलं नाही."

"म्हणजे? शंभर गुण आहेत इथं."

"ते चाचणीचे. आज एका लेकराच्या डोळ्यात मी चुकले. बांध होता, मी रेघ म्हणाले."

गित्ते भला माणूस, पण त्याचीही अडचण होती. म्हणाले, "ताई, सोमवारी दोन बाळं आहेत. एकाला अठ्ठाविसावा दिवस लागतोय. आईबाप पुण्याला जायला तयार नाहीत, मी म्हणालो, आपल्या बाई येताहेत. आता मी त्यांना काय सांगू? थोडंफार येतंच ना तुम्हाला? काहीच न बघण्यापेक्षा तर बरं."

खरं सांगते, मला ते पटलं. पूर्ण एक मिनिट पटलं. काहीच न बघण्यापेक्षा बरं. मीही स्वतःला तेच म्हणत होते. पण न पाहिलेल्या बाळाची आई निदान धास्तावलेली तरी असते, कुठंतरी जाईन म्हणते. मी "ठीक आहे" म्हटल्यावर ती कुठंच जाणार नाही.

"दोघांनाही गाडीत घालून इकडं पाठवा," मी म्हणाले. "आईबापांना माझं नाव सांगा. मी इथंच थांबते."

प्राचीला जाऊन सांगितलं, सही नको. तिनं मान हलवली आणि अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. ना कौतुक, ना समजूत. "उद्या आठ वाजता. आणि मॅडम, पायांकडूनच उभं राहायचं. सवय मोडेपर्यंत."

शनिवार आणि रविवार

शनिवारी नऊ बाळं पाहिली, सगळी पायांकडून. प्रत्येक वेळी आधी मोठ्यानं म्हणायचं, "हा कान, हे नाक," मगच भिंग धरायचं. लता सिस्टर हसायच्या. "अहो, हळू म्हणा, बाळाला वाटेल बालवाडीत आलो." नवांतली दोन चुकली. दोन्ही वेळा कुठं चुकलं ते माझं मलाच कळलं, प्राचीनं बघायच्या आधी. मला तेवढ्यानंसुद्धा बरं वाटलं.

रविवारी सुट्टी. भाऊजींनी मला सकाळी मिसळ खायला नेलं. पुण्यात मिसळीबरोबर पावाच्या लादीऐवजी स्लाइस देतात आणि वर विचारतात, "रस्सा मागितल्याशिवाय देत नाही, चालेल?" मी भाऊजींना सगळं सांगितलं. मला वाटलं टोमणा येणार. ते रस्सा ढवळत म्हणाले, "नोकरीत मी अशा पुष्कळ सह्या केल्या. नियमात बसतंय म्हणून." बिल देताना दोघांची नेहमीची ओढाताण झाली, ती त्यांनी जिंकली.

सोमवार

गाडी साडेअकराला आली. पहाटे निघालेली. दोन बाळं, दोन आया, एक आजी आणि गित्त्यांकडची नर्स. पहिलं बाळ ठीक निघालं, वाहिन्या छान वाढत होत्या. दुसऱ्या बाळाची आई, सविता, वीस-एकवीस वर्षांची. गाडी लागून चेहरा पांढरा पडलेला. मला बघताच ओळखलं, तिच्या सासूचा मोतीबिंदू मीच काढला होता.

"बाई, तुम्ही तर आमच्या गावच्याच," ती म्हणाली. आवाजात चांगला राग होता. "मग तिथंच का नाही बघितलं? टाके बी सुकले नाहीत माझे. एवढ्या लांब कशाला आणायला लावलं?"

काय सांगायचं? यंत्र नाही म्हणता आलं असतं. नियम आहे म्हणता आलं असतं. लता सिस्टर शेजारी उभ्या होत्या, प्राची दारात होती.

"मला अजून नीट येत नाही म्हणून," मी म्हणाले. "शिकायलेय मी. या मॅडम शिकवायल्यात."

पंचवीस वर्षांत कुठल्या पेशंटपुढं हे वाक्य मी उच्चारलेलं नव्हतं. मला वाटलं, आता ही बाळ उचलून चालू लागणार. तिनं पोराकडं पाहिलं, प्राचीकडं पाहिलं, आणि दुपटं माझ्या हातात दिलं.

"शिका मग," म्हणाली. "पर ह्या बाईला शेजारी ठेवा."

मी तपासलं. हा कान, हे नाक. दोन्ही डोळ्यांत कानाकडे बांध, वाहिन्या फुगलेल्या आणि वाकड्या. कागदावर काढलं, खाली लिहिलं, आजच लेझर. प्राचीनं पाहिलं, दोन्ही डोळे, सावकाश. मग माझ्याशी न बोलता सविताकडे वळून म्हणाली, "तुमच्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलंय. आजच करू."

माझ्या अर्जावर तिनं सही केली नाही. समासात लिहिलं, "आणखी वीस बाळं." मला ते मान्य आहे. दर सोमवारी गित्त्यांची गाडी बाळं घेऊन निघते, तिच्यात मी बसते.

लेझर संपेपर्यंत मी सविताबरोबर बाकावर बसले. ती विचारत होती, दिसेल ना, आणि मी सांगत होते, वेळेत आलो आहोत. तिला एक गोष्ट मात्र सांगितली नाही. शुक्रवारी मी सही मागितली असती तर मिळाली असती. मग तिचं बाळ सोमवारी मी गावातच तपासलं असतं, टेबलाच्या ज्या बाजूला जागा असेल तिथून, आणि "दोन आठवड्यांनी या" म्हणाले असते. आणि सविता माझ्या पाया पडून, खूश होऊन घरी गेली असती.